पेशंटला भेटायला जाताय? मग एवढं कराच

ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन एकदाचं झालं. 'एकदाचं' का, ते पुढे येईलच. तिथल्या ट्विन शेअरिंग रूममध्ये बसून बसून एक लक्षात आलं, पेशंटची काळजी कशी घ्यायची हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, सगळे जन्मतःच एमबीबीएस. तरी एखादा अडाणी राहिला असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवते.

सगळ्यात आधी, हात धुवायचे नाहीत. दाराजवळ सॅनिटायझर लावलाय तो शोभेला. लोकलचा दांडा धरून, रिक्षावाल्याकडून सुट्टे घेऊन आलात ना, त्याच हाताने पेशंटच्या गालावरून हात फिरवा आणि सलाईनच्या सुईवरची पट्टी दाबून बघा, 'दुखतंय का गं इथे?' १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाचा डॉक्टर जीव तोडून सांगत होता की बाळंतिणी मरतायत त्या डॉक्टरांच्याच हातांमुळे, हात धुवा. त्याचं तेव्हा डॉक्टरांनी ऐकलं नाही, तुम्ही तर आमचे काका. वीस-तीस सेकंद हातावर हात कोण चोळत बसणार, माजिवड्याला एवढा वेळ अडकून आलोय आम्ही!

बसायचं बेडवरच. खुर्ची पर्स ठेवायला असते.

सिस्टरने पेशंटला परत नाव विचारलं की खवळायचं. 'सकाळपासून चौथ्यांदा विचारताय, फाईल बघता येत नाही का?' दोन पाटीलबाई एकाच मजल्यावर असतात आणि एकीचं इंजेक्शन दुसरीला जाऊ नये म्हणून विचारतात, हे आपल्याला माहीत असण्याचं कारण नाही. पेशंटच्या हातावरचा नावाचा पट्टा मनगटाला घट्ट होतो म्हणून तोही आपण कापून टाकावा. शेजारच्या बेडवर झालंय हे, खरंच.

कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं तर 'बीपीची पांढरी आणि शुगरची ती छोटी' एवढं पुरे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सांगायचंच नाही, ऑपरेशनच्या टेबलावर त्यांना कळेल की. काढ्याचं तर मुळीच बोलू नका, आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय.

युरिनची पिशवी बेडच्या खाली लोंबकळताना दिसली की उचलून बेडवर ठेवा. शेजारच्या आजोबांच्या जावयांनी ठेवली, वर म्हणाले, कसं दिसतं ते, लोकं येतात जातात. पिशवी वर गेली की लघवी नळीतून उलटी आत जाते आणि इन्फेक्शन होतं, हे सिस्टरने त्यांना सांगितलं तर 'आमच्याशी नीट बोला' म्हणून तिच्यावरच आवाज चढवला. सलाईन हळू पडतंय वाटलं तर त्याचं चाक तुम्हीच फिरवा. आणि येताना कुंजविहारचा वडापाव आणायला विसरू नका, ते बिनमिठाचं पथ्याचं जेवण काय माणसांनी खायचं असतं?

आता मुख्य मुद्दा, चहा.

आईचं ऑपरेशन सकाळी दहाचं होतं. बेडच्या डोक्याशी 'एनबीएम' लिहिलेला बोर्ड, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. मी फॉर्म भरायला काउंटरला गेले. तेवढ्यात आत्या हजर, थर्मास घेऊन. 'अगं वहिनी, घोटभर घे, रिकाम्या पोटी पित्त होईल, घोटभर चहाने काय होतंय.' (पित्ताशय काढायला आलेल्या बाईला पित्ताची भीती!) घोटभर नाही, अख्खा कप, वर दोन पारले-जी बुडवून. मग भूल देणाऱ्या मॅडम आल्या, त्यांनी विचारलं काही खाल्लं-प्यायलंय का. आई गप्प. आणि आत्या मॅडमच्या मागे उभी राहून डोळ्यांनी खुणा करतेय, नाही सांग, नाही सांग! शेवटी आईच हळूच म्हणाली, थोडा चहा. झालं. भूल दिल्यावर माणसाला खोकायचं-गिळायचं भान राहत नाही, पोटातलं वर आलं तर सरळ फुफ्फुसात जातं आणि माणूस त्याने दगावू शकतो, म्हणून खाल्ल्यावर, दुधाचा चहा घेतल्यावर किमान सहा तास थांबायचं असतं, नुसत्या पाण्यालासुद्धा दोन तास. हे मॅडमनी आत्याला शांतपणे समजावलं. आत्याचं उत्तर, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' मग ऑपरेशन थिएटरमध्ये जागा नाही, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, रूमचं भाडं परत, मेडिक्लेमवाल्यांचा मेल परत, आईचा उपास परत. आणि आत्या ग्रुपवर टाकते, 'हॉस्पिटलवाल्यांनी बिल वाढवायला ऑपरेशन पुढे ढकललं.'

नाही, आता सरळच बोलते. खुणा कसल्या करत होतीस गं? आईने घाबरून नाही म्हटलं असतं तर? तुझा मान राखायला ती टेबलावर जाणार होती का? आणि तुम्ही बाकीचे हसू नका, प्रत्येकाच्या घरात एक थर्मास आहे. बोर्ड वाचता येत नसेल तर सिस्टरला विचारा, लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात. काही द्यायचं असेल तर विचारून द्या, नळी-पिशवी-चाक कशाला हात लावू नका, पेशंटला डॉक्टरांशी खोटं बोलायला लावू नका. सर्दी-खोकला असेल तर येऊच नका, पोरांना तर अजिबात आणू नका, ते काही उपवन नाही. डॉक्टर राउंडला आले की सगळे बाहेर जाऊन फोनवर बोलता, तेव्हाच तर तिथे उभं राहून विचारायचं असतं की नवीन गोळी कशाची आणि किती दिवस.

आणि यायची एवढी हौस असेल तर रात्री या. आईला बाथरूमला उठवायला, सलाईनचा स्टँड धरायला, ती एकटी उठून पडू नये म्हणून जागं राहायला माणूस लागतं. गुरुवारी रात्री कोण थांबतंय, ग्रुपवर विचारलंय कालच. सगळ्यांच्या निळ्या टिक्स आल्यात.