‘यांचं आजच्या दिवस राहू द्या’ म्हणे!

डोकं फिरलंय आज, म्हणून लिहितोय. मोठी पोस्ट आहे, वेळ असेल तर वाचा.

आमच्या भागातल्या समाजमंदिरात कॅन्सर तपासणी शिबिर होतं. फुकट. मांडव, बॅनर, बॅनरवर नेत्यांचे फोटो, सगळं साग्रसंगीत. गल्लीतल्या एक काकू चाळिशीच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. तो स्किझोफ्रेनियाचा पेशंट आणि तंबाखू दिवसभर गालात, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी त्याचंच तोंड बघायला हवं. फॉर्म भरणाऱ्या पोरीने विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत, काकूंनी खरं ते सांगितलं, तर ती उठून आत गेली आणि परत येऊन म्हणते, ‘काकू, यांचं आजच्या दिवस राहू द्या, शांत असतील तेव्हा आणा.’ अहो, तो शांतच होता! त्या मांडवात त्याच्याइतकं शांत कुणीच नव्हतं, माईकवाला तर नाहीच नाही.

मला आमची आत्या आठवली. माझ्या लहानपणापासून तिला हाच आजार, आणि मिश्री त्याच्याही आधीपासून. शेवटी शेवटी ती जेवेना, ताट सरकवायची, म्हणायची भाजीत काहीतरी घालताय तुम्ही, माझं तोंड जळतंय. आता जेवणात विष घातलंय हा संशय तिला जुनाच, त्यामुळे सगळे म्हणाले आजार उसळला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग अजून वाढवली. तोंड जळतंय म्हणणाऱ्या बाईचं तोंड उघडून कुणी बघितलं नाही!! दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरकडे नेली तेव्हा गालाच्या आतली जखम दिसली, आणि तोवर मानेत गाठ आलेली.

म्हणजे वेड लागलेल्या माणसाला दुसरं काही होऊच शकत नाही का? काहीही सांगितलं की भासच? बायकांचं तर अजून अवघड. काही गोळ्यांनी पाळी थांबते, छातीतून दूध येतं, मग काही वेगळं झालं तरी ‘गोळ्यांमुळे असेल’ म्हणून विषय बंद.

कायदा आहे हो, २०१७ चा. मानसिक आजार असलेल्याला शारीरिक आजाराच्या पेशंटसारखीच वागणूक आणि उपचार मिळाले पाहिजेत असं त्यात लिहिलंय. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, मिश्री-तंबाखू विचारतात. आमच्या आत्याला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, तेवढी शुद्ध तिला कायम होती.

बरं, मान्य, शिबिरात दोन डॉक्टर आणि दोनशे माणसं असतात, एखादा पेशंट खरंच बिथरतो, आणि गर्भाशयमुखाची तपासणी कुणावर जबरदस्तीने करायची नसते, करूही नये. पण थोडं थांबून, ओळखीच्या नर्सने समजावून सांगितलं तर? बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने खेड्यापाड्यातल्या हजारो बायकांची ही तपासणी केली, त्याचे निकाल २००९ साली जगभर गाजले. त्या बायका काय पहिल्या दिवशी हसत आल्या असतील? दारोदार जाऊन समजवावं लागलं असणार. मग आमच्या माणसांच्या वेळीच सगळ्यांचा धीर का सुटतो?

त्या पोरीवर आता तितका राग नाही राहिला. वीस-बावीसची असेल, घाबरली असेल, तिला कुणी शिकवलंच नसणार. राग आहे तो वरच्यांवर.

कारण ही माणसं शिबिराला येत नसतील पण गोळ्यांना येतात. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं घ्या नाहीतर तालुक्याला भरणारी मानसोपचाराची ओपीडी, महिन्याच्या महिन्याला लाईन लागते. आमची आत्यासुद्धा इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही, काकाच विसरायचे. त्या लाईनीत एक नर्स टॉर्च घेऊन बसवा. तोंड बघायला दोन मिनिटं लागतात. आत बाईडॉक्टर असेल तर स्तनांची तपासणीही तिथेच होईल, आणि पुढची तपासणी लागलीच तर चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका, सोबत माणूस द्या, कारण नवीन दवाखान्यात केसपेपर काढण्यापासूनच यांची दमछाक होते आणि म्हातारी आई किती ठिकाणी धावणार.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कुणाच्या ओळखी असतील तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा, टॅग करा. आणि ‘खूप गंभीर विषय मांडलात दादा’ एवढी कमेंट टाकून पुढे जाऊ नका प्लीज, डोकं अजून तापलेलंच आहे.