कापड नंतर बघा, आधी रनर बघा

मिरग तोंडावर आला की बाइकवाल्यांच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, "टिकाऊ बॅग सुचवा." खाली कंपन्यांच्या नावांची रांग लागते आणि कुणीतरी हमखास लिहितं, "१००० डेनियर घे, डोळे मिटून." पण कोकणात बॅग कापड फाटून क्वचितच जाते. ती जाते चेनच्या (झिपच्या) रनरने, म्हणजे चेन लावताना ओढतो त्या तुकड्याने, पट्ट्याच्या मुळाशी आणि आतल्या लेपाने. यातलं काहीच जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही.

डेनियरचं एवढं काही नसतं. ९००० मीटर धाग्याचं वजन ६०० ग्रॅम भरलं की तो धागा ६०० डेनियरचा. हा धाग्याच्या जाडीचा आकडा, ताकदीचा दाखला नव्हे. चांगलं ५०० डेनियर नायलॉन घासण्याच्या बाबतीत जाड पण स्वस्त पॉलिस्टरला सहज मागे टाकतं. मात्र नायलॉन पाणी पितं आणि उन्हात लवकर कमजोर होतं. बाइक दिवसभर उघड्यावर उभी आणि बॅग तिच्यावरच बांधलेली, असा प्रकार असेल तर पॉलिस्टरला नावं ठेवू नका. रोज ऑफिसला जाण्यायेण्यासाठी ६०० ते ९०० डेनियर पुरे. १६८० घेऊन जादा वजन उगाच खांद्यावर येतं.

खरी भानगड लेपाची. साध्या बॅगेच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो, पाणी तोच अडवतो. आपल्या दमट, उबदार हवेत हा लेप हळूहळू विरतो. आधी हाताला चिकट लागतो, मग आंबूस वास येतो, मग पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटतात. गंमत म्हणजे वापरातल्या बॅगेपेक्षा माळ्यावर घडी घालून ठेवलेली बॅग यात लवकर जाते. दुकानात बॅग उघडा, आतला कोपरा नखाने खरवडा. पांढरी पूड निघाली किंवा बोट चिकटलं तर ती बॅग गोदामातच म्हातारी झालीय, सवलत कितीही असो.

म्हणून चार महिने रोज पावसातून जाणाऱ्यांना माझं मत सरळ आहे. ताडपत्रीसारख्या पीव्हीसी किंवा टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) कापडाची, शिवण न मारता गरम करून जोडलेली, तोंड गुंडाळून बंद करायची बॅग घ्या. दिसायला ती पोत्याची बहीण, हे मान्य. पण सुईचं भोकच नसेल तर पाणी शिरणार कुठून? तोंड किमान तीनदा गुंडाळायचं आणि मगच बकल लावायचं. दोन वेढ्यांवर भागवलं की घाटातल्या पावसात थेंब आत येतातच. बॅग गच्च भरली की तिसऱ्या वेढ्याला जागाच उरत नाही, म्हणून २५ लिटरचं सामान असेल तर ३० लिटरची घ्या. घरी आणल्यावर आत तांब्याभर पाणी ओता, तोंड बंद करा, उलटी टांगा आणि दहा मिनिटं बघा. कुठल्या कोपऱ्यातून थेंब येतो ते पावसाआधीच कळलेलं बरं.

बॅग किती पाणी अडवते ते सांगणारे लेबलवरचे आकडेही वाचता आले पाहिजेत. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स ६ म्हणजे जोराचा फवारा, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बाइकला ६ लागतं, कारण ६० च्या वेगात समोरून येणारा पाऊस पडत नाही, मारतो. नुसतं "वॉटर रेझिस्टंट" लिहिलं असेल तर ती छत्री नसतानाची सोय समजा.

आता रेन कव्हर. आपलं इरलं पाठ झाकतं, रेन कव्हर नेमकी पाठच उघडी ठेवतं. रेनकोटच्या मानेवरून ओघळलेलं पाणी बॅग आणि पाठ यांच्यामध्ये उतरतं आणि पट्ट्याच्या शिवणीतून, पाठीच्या स्पंजातून आत मुरतं. लॅपटॉपचा कप्पा नेमका तिथेच. त्यात वाऱ्याने कव्हर फुगतं आणि इलास्टिक सुटलं की ते थेट मागच्या चाकाकडे जातं. कव्हर चिखलापुरतं ठीक. पाणी अडवायचं तर बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा, तिचं तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा. खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक स्वच्छ धुऊन वापरलं तरी काम तेच होतं, फुकटात.

चेन. रनरच्या मागे बारीक आकडा कोरलेला असतो, ५, ८ किंवा १०. बंद चेनच्या दात्यांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० हवा. ५ असेल तर ती कॉलेजच्या वहीची बॅग. धातूच्या दात्यांची चेन किनाऱ्यावर नकोच, खाऱ्या हवेने वर्षा-दोन वर्षांत हिरवी-पांढरी बुरशी धरल्यासारखी होऊन जाम होते. नायलॉन कॉइलची, म्हणजे वेटोळ्याच्या दात्यांची, चेन मध्येच उसवली तर रनर मागे-पुढे नेला की बहुधा पुन्हा जुळते. प्लास्टिकच्या जाड दात्यांचा एक दात तुटला की मात्र संपलं. रनर बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि जांभ्याची लाल धूळ त्याला आतून कानसासारखी घासते. दाते शाबूत असूनही चेन मागून उघडत जाते ती याचमुळे. तेव्हा अख्खी चेन बदलू नका. पक्कडीने रनरची मागची कडा दोन्ही बाजूंनी अगदी हलकी दाबा, जोर केला तर तो तडकतो. तेवढ्याने भागलं नाही तर त्याच नंबरचा, त्याच प्रकारचा नवा रनर बसवून घ्या. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने चेन झाडा आणि मेणबत्ती घासा. तेल नको, त्यावर धूळ बसून चुन्यासारखा लगदा होतो. दोन रनर असतील तर बंद करताना दोन्ही एकाच बाजूला न्या. वर मध्यभागी भेटवले की पाऊस तिथूनच शिरतो आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तोंडही तिथेच उघडतं.

पट्टा जिथे बॅगेला मिळतो तिथे आडव्या दाट टाक्यांची पट्टी किंवा चौकोनात फुली अशी शिवण हवी. नुसता पट्टा शिवणीत खुपसून एक सरळ टीप मारलेली असेल तर बॅग भरून दोन-चार झटके द्या, टाके हसायला लागतात.

पण पाठीवर बॅग हवीच कशाला? रोजच्या डब्या-लॅपटॉपला चालेल, ५ किलोपर्यंत आणि छातीचा पट्टा लावून. पट्टे इतके आवळा की बॅगेचा तळ सीटला टेकणार नाही. टेकला तर प्रत्येक खड्ड्याला सीट बॅगेला वर ढकलते आणि खांदे ओढले जातात. लोंबणारी पट्ट्यांची टोकं रबराने गुंडाळा. आणि लोखंडी कुलूप, पाना, थर्मास पाठीच्या बॅगेत कधीही नको. पडलात तर ती वस्तू आणि रस्ता यांच्यामध्ये मणका असतो.

लांबच्या प्रवासाला, म्हणजे गणपतीला मुंबईहून ६६ नंबरच्या हायवेने खाली उतरायचं असेल तर, वजन बाइकवर द्या. जड सामान दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगेत, तळाशी, सीटच्या शक्य तितकं जवळ. वर शेपटाकडे फक्त कपडे. मागच्या चाकाच्या आसामागे जेवढं वजन लटकेल तेवढं पुढचं चाक हलकं होतं, आणि मग परशुराम घाटाच्या वळणावर हँडल डगमगलं की लोक टायरला दोष देतात. वजन वाढलं की कंपनीने सांगितल्याप्रमाणे टायरची हवा वाढवा आणि मागच्या शॉकअॅब्सॉर्बरची खाच घट्ट करा. टॉप बॉक्सच्या प्लेटवर किलोची मर्यादा छापलेली असते. ती पाळा, नाहीतर कॅरिअरचा वेल्ड सुटतो.

सॅडलबॅगेचं कापड सायलेन्सरपासून निदान चार बोटं लांब हवं, तेही बॅग भरलेली असताना आणि मागे माणूस बसलेला असताना मोजून. उभ्या बाइकवर दिसतं ते अंतर खड्ड्यात निम्मं होतं. डावीकडची सारीगार्ड काढून स्टे (सॅडलबॅग टेकवायची लोखंडी चौकट) बसवणारे महाभाग बरेच आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागचं निम्मं चाक झाकलेलं असावं असं सांगतो ते पदर-ओढणीसाठी, आणि तीच जाळी बॅगेलाही चाकात जाण्यापासून वाचवते. २०२० पासून याच नियमात बॉक्सचं मापही आलंय: ५५० मिमी लांब, ५१० रुंद, ५०० उंच, याहून मोठा नको. तो मागच्या माणसाच्या जागी बसवला तर मागे कुणाला बसवता येत नाही.

टोकाला आकडे (हुक) असलेल्या सामान बांधायच्या इलास्टिक दोऱ्या मला बिलकूल पटत नाहीत. ऊन आणि खारी हवा लागून आतलं रबर मरतं, वरून कापड चकचकीतच राहतं. खड्ड्यात सामान उसळलं की दोरी ताणते, आकडा निसटतो, आणि हाताने ओढून लावताना सुटला तर थेट डोळ्याकडे येतो. २५ मिमीचे कॅम बकलचे (पट्टा दाबून धरणाऱ्या बकलचे) पट्टे घ्या, दोन आडवे आणि एक उभा. पट्ट्याला एक पीळ देऊन ओढा, वाऱ्यात फडफडत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा थांबून पुन्हा आवळा, कारण सामान बसतं आणि पट्टा ढिला पडतो.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा आगरदांडा-दिघी फेरीने गेलात तर घरी आल्यावर बॅगेवरून आणि बकलांवरून गोडं पाणी फिरवा. डिटर्जंट नको, अंगाचा साबण पुरे. सगळ्या चेना उघडून, उलटी टांगून सावलीत वाळवा. चुलीच्या वर वाळत घालायचा मोह आवरा, उष्णतेने लेप सुटतो. काळी बुरशी धरली तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, तासाभराने धुवा. चामड्याची सॅडलबॅग फोटोत बुलेटवर छान दिसते, श्रावणापर्यंत तिच्यावर हिरवं शेत उगवतं.

आणि बाजारातून येताना मासळी ताडपत्रीच्या बॅगेत चालेल, पुसली की वास जातो. स्पंज शिवलेल्या बॅगेत बांगड्याचं पाणी एकदा मुरलं की ती बॅग मग बांगड्यांचीच.