आधी खाते उघडा, मग गळा

सोलापुरात राहून गाण्या-वाजवण्यावर पोट भरण्याची इच्छा ज्यांना अजूनही आहे, त्यांनी प्रथम डोक्यातून सुपारी काढून टाकावी. सुपारी ठरवायची, इसार घ्यायचा, मिरवणूक संपली की मंडळाच्या अध्यक्षांना गाठून उरलेले पैसे मागायचे, ते ‘उद्या या’ म्हणाले की उद्या जायचे, आणि चार खेपा घातल्यावर थोडे कमी का होईनात पण रोख पैसे घेऊन घरी यायचे, ही पद्धत आता मागासलेली समजली जाते. तिच्यात पैसे देणारा माणूस ओळखीचा असतो, त्याला चार लोकांत लाज आणता येते, आणि आपण किती कमावले हे कलावंताला त्याच आठवड्यात कळते. इंटरनेटवरून गाणी ऐकवण्याच्या नव्या व्यवस्थेने या तिन्ही गैरसोयी दूर केल्या आहेत.

ध्वनिमुद्रणासाठी पुण्या-मुंबईच्या चकरा मारण्याची गरज उरलेली नाही, हे मात्र खरे आहे आणि त्यात थट्टा करण्यासारखे काही नाही. एक बरा मायक्रोफोन, तो लॅपटॉपला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस आणि एक लॅपटॉप एवढ्या सामानात आज गाणे तयार होते. खोलीत आवाज घुमू नये म्हणून महागडे फोम मागवू नका. आपली सोलापुरी चादर दुहेरी करून भिंतीवर टांगली की काम बऱ्यापैकी भागते. पूर्व भागात राहत असाल, तर शेजारच्या यंत्रमागांचा खटका प्रत्येक ओळीखाली ऐकू येईल. त्यासाठी माग थांबण्याची वाट पाहा, आणि मे महिन्यात पंखा बंद करून, चारी भिंतींना चादरी लावलेल्या त्या खोलीत प्रेमगीत गा. एवढे करूनही खटका राहिलाच, तर तो मुद्दाम ठेवला आहे आणि या प्रकाराला लो-फाय म्हणतात, असे सांगावे. पुण्यातले श्रोते विश्वास ठेवतात.

गाणे तयार झाले की ते स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिक यांसारख्या, इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या मंचांवर थेट नेऊन ठेवता येत नाही. मधे ते तिथे पोचवणारा वितरक लागतो. तंत्रज्ञानामुळे मधला माणूस कायमचा जाणार, असे आपल्याला १९९९ साली इंटरनेटवरून फुकट गाणी वाटून घेण्याचे नॅपस्टर आले तेव्हापासून सांगितले जात आहे. मधला माणूस गेला, यात शंका नाही. नवी पेठेत कॅसेटच्या गल्ल्यावर बसून ‘तुमची कॅसेट काही खपत नाही हो’ असे तोंडावर सांगणारा तो माणूस गेला, आणि त्याच्या जागी वितरक, मंच, जाहिरात सांभाळणारा, प्लेलिस्टमध्ये नाव घालून देतो म्हणणारा, आणि परदेशी चलन वळते करताना आपला हिस्सा कापणारी बँक, असे पाच जण आले. वितरकांपैकी काही जण तुमच्याकडून वार्षिक शुल्क घेतात. ते भरायचे राहिले, तर गाणी उतरवली जातात, आणि ती कायम राहावीत असे वाटत असेल, तर त्यासाठी वेगळे शुल्क असते. जुना कॅसेटवाला कितीही लबाड असला, तरी विकली न गेलेली कॅसेट दुकानात ठेवल्याबद्दल त्याने कधी गायकाकडे भाडे मागितले नव्हते.

वितरकाचा अर्ज भरताना घाई करू नये. मुखपृष्ठाचे चित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचे हवे. गाण्याची भाषा विचारली जाते, आणि भाषा एकच निवडायची असते. तेव्हा ध्रुवपद मराठी, पहिला अंतरा कन्नड आणि दुसरा तेलुगू असे गाणे तुम्ही केले असेल, म्हणजे साखर पेठेत रोज जसे बोलले जाते तसे, तर त्यातली कोणती भाषा नाकारायची ते घरच्यांना विचारून ठरवा. संगीताचा प्रकार विचारतील तिथे हलगी सापडणार नाही. ‘जागतिक संगीत’ यावर खूण करून पुढे जावे.

आता पैशांकडे वळू. वर्गणीदारांचे आणि जाहिरातींचे पैसे एका ठिकाणी जमा होतात, मंच त्यातून आपला वाटा काढून घेतो, आणि उरलेली रक्कम एकूण स्ट्रीममध्ये, म्हणजे गाणी जितक्या वेळा ऐकली गेली त्यात, ज्याचा जेवढा हिस्सा असेल त्या प्रमाणात वाटली जाते. याचा अर्थ असा, की अक्कलकोटच्या तुमच्या मावशीने केवळ तुमचीच भजने ऐकण्यासाठी दरमहा वर्गणी भरली, तरी ते पैसे तुमच्याकडे येत नाहीत. देशभर जे सर्वाधिक ऐकले गेले, त्याच्या मालकांकडे त्यांतला बहुतेक भाग जातो. मावशीला हे सांगू नका. ऊस घालणारा शेतकरी निदान कारखान्याच्या काट्यापाशी उभा राहून वजनाबद्दल शंका घेऊ शकतो, चेअरमनच्या नावाने बोटे मोडू शकतो आणि पाच वर्षांनी मतदान करू शकतो. तुमचा काटा स्पॉटिफायच्या मुख्यालयात, स्टॉकहोमला आहे.

त्यातही २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला, की मागील बारा महिन्यांत ज्या गाण्याचे १,००० स्ट्रीम झाले नाहीत, त्याला या वाटपात हिस्साच मिळणार नाही. असे पैसे इतके थोडे असतात की ते कलावंताच्या हातापर्यंत पोचतच नाहीत, असे कारण देण्यात आले. ते खोटेही नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र ‘तुमचे पैसे फार थोडे होतात, म्हणून ते मी मोठ्या पार्टीला देऊन टाकले’ असे उत्तर कधी दिले असते, तर सात रस्त्यावर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. हे हजार पूर्ण करण्यासाठी पुतण्याच्या मित्राकडून स्ट्रीम विकत घेण्याचा मोह होईल. अवश्य घ्या. पकडले गेलात, तर गाणे उतरवले जाते, आणि वितरकाला होणारा दंड तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

यूट्यूबचा मार्ग अधिक लोकाभिमुख आहे. तिथे जाहिरातींतील वाट्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे ही एक अट आहे. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. चार मिनिटांचे गाणे असेल, तर ते शेवटपर्यंत ६०,००० वेळा पाहिले गेले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती, तेव्हा दर सोळा माणसांमागे एकाला धरून बसवले की काम झाले. नंतर कमाई सुरू होताना एक अर्ज येतो, आणि तो अमेरिकेच्या कर खात्यासाठी असतो. मंगळवेढ्याच्या एखाद्या भजनी मंडळाने, ज्याची आजवरची सर्वांत अवघड कागदपत्रे म्हणजे पोलिस ठाण्यातला ध्वनिक्षेपकाचा परवाना, तो अर्ज कसा भरावा याविषयी इथे मार्गदर्शन करता येणार नाही. पण भारत आणि अमेरिका यांच्यात कराचा करार आहे, आणि विठ्ठलाच्या नावावर अमेरिकेतून झालेल्या उत्पन्नावर तो लागू होतो, हे लक्षात ठेवावे.

भजनी मंडळांचा विषय निघालाच आहे, तर रचनेविषयी दोन शब्द. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले गेले, तरच ते मोजले जाते. आपल्याकडे पखवाजाला कणीक लावून तो सुरात येईपर्यंतच याहून अधिक वेळ जातो, मग नामघोष, मग रूपाचा अभंग. हे सर्व शेवटी न्यावे आणि गजर प्रथम ठेवावा. लावणीवाल्यांनीही बोध घ्यावा. आपल्या सोलापूरचे राम जोशी उत्तर पेशवाईतले, त्यांच्या लावणीतला एखादा समास सुटेपर्यंत आजचा श्रोता पुढच्या गाण्यावर गेलेला असेल. रील करणारे तर पंधराच सेकंद घेतात. म्हणून पंधरा सेकंदांचे गाणे करावे आणि उरलेली सव्वातीन मिनिटे अंगावर राहतात ती कशाने तरी भरून काढावीत, अशी आता रूढ पद्धत आहे.

तरीही गाणे गाजते. सोलापूरकर दिलदार आहेत. एखादी चाल आवडली की गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या पाळण्याखाली, रिक्षात, आंबेडकर जयंतीच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीत, लेझमाच्या सरावात आणि प्रत्येक वरातीत तीच वाजते. दुर्दैवाने हे सगळे पेन ड्राइव्हवरून वाजते आणि कोणत्याही मंचाच्या डॅशबोर्डवर, म्हणजे हिशेबाच्या पानावर, दिसत नाही. वरातीचा हिशेब मागायला जाल, तर कायदाही आडवा येतो, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक समारंभांबरोबर लग्नाच्या मिरवणुकीलाही सूट दिलेली आहे. म्हणजे अख्खे शहर तुमच्या गाण्यावर नाचत आहे, आणि त्याच रात्री मोबाइलवर तुम्हाला संदेश येतो, की तुमचे श्रोते कमी होत आहेत, थोडी जाहिरात करून पाहता का? जाहिरात करावी. नाहीतर २०२० पासून स्पॉटिफायकडे असलेली सोय वापरावी: त्यात रॉयल्टी कमी दराने घेण्यास तुम्ही राजी झालात, तर तुमचे गाणे अधिक लोकांपुढे ठेवले जाण्याची शक्यता वाढते. गाणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा गाणाऱ्याकडून पैसे घेणे हा अधिक खात्रीचा व्यवसाय आहे, हे ज्याने प्रथम ओळखले, त्याचा पुतळा पार्क चौकात उभारायला हरकत नाही.

हक्कांच्या बाबतीत विशेष सांगण्यासारखे नाही. ‘सर्व हक्क कायमचे, सर्व माध्यमांत, सर्व विश्वात’ असे वाक्य करारात दिसले की न वाचता सही करावी. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे, तो गोळा करण्यासाठी १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे, तिचे सदस्य होता येते, वगैरे गोष्टी कोणी सांगू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. अशाने नाती बिघडतात.

मंचावर विसंबून राहण्याची भीती काहींना वाटते. छोट्या व्हिडिओंचे टिकटॉक भारतात २९ जून २०२० रोजी बंद झाले, तेव्हा गावोगावच्या कलावंतांनी जमवलेले लाखो चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. गाणी ऐकवणारे रेसो २०२४ च्या जानेवारीत भारतातून गेले, त्याच वर्षी तसेच विंकही गुंडाळले गेले. यात घाबरण्यासारखे काय आहे? दर वेळी नवे खाते उघडून पहिल्यापासून सुरुवात करता येते.

स्वतःच स्टार्टअप काढून मंच उभा करावा, असे ज्यांच्या मनात येत असेल, त्यांनी धिंगाणाचा इतिहास वाचावा. शिंदे बंधूंनी २००७ साली सुरू केलेली ही सेवा भारतीय गाणी फुकट ऐकवत असे आणि चांगली लोकप्रिय होती. टी-सिरीजने परवान्याचे नूतनीकरण केले नाही, आणि २०१४ साली ती बंद पडली. आरडिओ नावाच्या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी आरडिओने दिवाळखोरी जाहीर केली. तंत्रज्ञान उत्तम होते, श्रोते होते, पण गाणी दुसऱ्याच्या कपाटात होती. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे, तो कॅसेटच्या काळातही निवांत होता आणि आजही निवांत आहे.

राहता राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. मिरवणुकीच्या आधी चौकाच्या कोपऱ्यात कागद पेटवून हलगी शेकणारा वादक तुम्ही पाहिला असेल. तो कातडे आचेवर फिरवतो, बोटाने टिचकी मारतो, नाक मुरडतो, पुन्हा फिरवतो, आणि आवाज कडक झाला की एक शब्दही न बोलता उठतो. या सगळ्यात बराच वेळ वाया जातो. सुनो आणि युडिओ यांसारख्या सेवांना चार ओळी लिहून दिल्या की मिनिटभरात पूर्ण गाणे मिळते, आणि हलगी मागितली तर हलगीसारखे काहीतरी त्यात वाजते. हे काहीतरी कोणाच्या वाजवण्यावरून शिकले, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे आहे. अमेरिकेतल्या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी तो जून २०२४ मध्ये न्यायालयात विचारला होता, पण त्यांच्यापैकी काहींनी २०२५ मध्ये याच सेवांशी तडजोड करून भागीदारीही केली. खटल्यात हलगीवाला नव्हता; भागीदारीतही नाही.

इतके सगळे करून वर्षभरात काही हाती लागले नाही, तरी खचून जाऊ नये. तुमच्याकडे आता अनुभव आहे, आणि बाजारात मागणी अनुभवालाच आहे. एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर खोली घ्या, इंग्रजी नावाची पाटी लावा, आणि ‘स्वतंत्र कलावंत कसे व्हावे’ याचा सहा आठवड्यांचा वर्ग सुरू करा. फी आगाऊ घ्या. ती परत मिळणार नाही, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापा. पहिल्या तुकडीत तुमच्याच मंडळातली ओळखीची पोरे येतील. त्यांना सवलत द्या, कारण त्यांच्यातली जी गाण्यात अपयशी ठरतील, तीच पुढे पंढरपूर, बार्शी आणि अक्कलकोटला तुमच्या शाखा चालवणार आहेत.