लॅप्स झालेली मायक्रोबायॉलॉजी

गेल्या शनिवारी इथे कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्वस्तातल्या सरकारी कॉलेजात, नर्सिंगची माहितीसभा होती. तिच्या दारात माझ्या कुर्त्यावर 'गेस्ट' असा स्टिकर चिकटवण्यात आला आणि माझ्याबरोबर आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एलआयसीतून डेव्हलपमेंट ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या सांगलीच्या काकांच्या स्वेटरवर 'फ्यूचर नर्स' असा. चिकटवणाऱ्या पोरीला मी सांगितलं की हे उलट झालंय. ती "ऑऽ, सो स्वीट" म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

झालं होतं असं, की मी पार्किंगच्या मशीनशी झटापट करत असताना काका पुढे गेले आणि टेबलावरचा फॉर्म त्यांनी भरून टाकला. समोर कोरा फॉर्म आणि खिशात स्वतःचं पेन असताना काका शांत बसूच शकत नाहीत. चाळीस वर्षांची सवय. शेजारच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेत. सूनबाई शुक्रवारी रात्री म्हणाली, "ताई, उद्या बाबांना कुठेतरी न्याल का? घरी बसून फ्रिजचं मॅन्युअल वाचतात आणि मला प्रश्न विचारतात." मला वाटलं होतं, तासाभराची माहितीसभा आहे, बसतील कोपऱ्यात.

मी एलव्हीएन आहे, लायसन्स्ड व्होकेशनल नर्स. कॅलिफोर्निया आणि टेक्सस सोडून बाकीच्या अमेरिकेत आम्हालाच एलपीएन म्हणतात. किमान १५३० तासांचं शिक्षण असतं, त्यातले ९५४ प्रत्यक्ष रुग्णांपाशी. आता मला आरएन, म्हणजे वरच्या पायरीची रजिस्टर्ड नर्स, व्हायचंय आणि त्यासाठी ब्रिज प्रोग्रॅम, म्हणजे एलव्हीएनची आरएन करणारा कोर्स, निवडायचाय. निवडायचाय असं आपण म्हणायचं. खरं तर तो आपल्याला निवडतो, किंवा निवडत नाही.

काउन्सेलरबाईंनी पडद्यावर पायऱ्या दाखवायला सुरुवात केली. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी. मग टीज नावाची प्रवेशपरीक्षा, १७० प्रश्न, २०९ मिनिटं, ६२ टक्क्यांच्या खाली आलात तर घरी. हे सगळं पार पडलं की पात्र उमेदवारांतून कुठे गुणांकनाने, तर कुठे चक्क लॉटरी काढून प्रवेश.

"लॉटरी?" काका माझ्या कानात ओरडले. "म्हणजे भिशी की गं!"

"भिशीत प्रत्येकाचा नंबर कधीतरी लागतो, काका."

त्यांनी हात वर केला. मी त्यांची बाही ओढली. उपयोग नव्हता.

"मॅडम, वन डाउट. व्हॉट अबाउट मॅच्युरिटी?"

त्यांना विचारायचं होतं, की एवढे हप्ते भरल्यावर शेवटी हातात काय पडतं. बाईंनी 'फ्यूचर नर्स' वाचलं, पांढरे केस पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "आमच्याकडे सगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांचं मनापासून स्वागत आहे," त्या म्हणाल्या. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. काकांनी उभं राहून नमस्कार केला आणि खाली बसताना मला म्हणाले, "उत्तर दिलं नाही हं बाईनं. टाळलं."

त्यानंतर ते थांबेचनात. परवान्यासाठीच्या एनक्लेक्स परीक्षेत प्रत्येक कॉलेजची किती मुलं पहिल्या झटक्यात पास होतात, याचे आकडे आरएनचं बोर्ड दरवर्षी जाहीर करतं, हे कळल्यावर ते खुर्चीत सरसावले. "क्लेम सेटलमेंट रेशो! हे आधी बघायचं असतंय पोरी, ब्रोशरवरची हसरी बाई नव्हे." (हे मात्र सोळा आणे खरं. ब्रिज शोधणाऱ्या कुणीही आधी बोर्डाची मान्यता आणि हा आकडा बघावा, बाकी नंतर.) मग मध्येच सोडलं तर सरेंडर व्हॅल्यू किती, म्हणजे इथले क्रेडिट दुसरीकडे चालतात का, हे विचारून झालं. शेजारच्या बाकावरची एक फिलिपिनो एलव्हीएन त्यांची उत्तरं वहीत उतरवून घ्यायला लागली. बाईंची नव्हे, काकांची.

तीस युनिटांच्या पर्यायावर तर त्यांनी बाईंना घामच फोडला. कॅलिफोर्नियात एलव्हीएनसाठी ही एक जुनी वाट आहे. जास्तीत जास्त ३० सेमिस्टर युनिटांचे (युनिट म्हणजे क्रेडिटच) नर्सिंगचे आणि त्याला लागून असलेले विषय करायचे, पदवी नाही, पण आरएनच्या परीक्षेला बसता येतं.

"स्वस्त आहे. मग लोक घेत का नाहीत?"

बाई म्हणाल्या, दुसरी राज्यं हा परवाना मान्य करतीलच असं नाही.

"म्हणजे क्लेम फक्त कॅलिफोर्नियात," काकांनी निकाल दिला आणि भर सभेत माझ्याकडे वळले. "तुझा नवरा आयटीत. उद्या त्याला टेक्ससला नोकरी लागली तर? अटी वाचत चला गं, बारीक अक्षरातल्या!" चाळीसहून जास्त ठिकाणी एकमेकांचे नर्सिंग परवाने मान्य करायचा करार झालाय आणि कॅलिफोर्निया मुळात त्यातच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. सभा रात्रीपर्यंत लांबली असती.

शेवटी माझा नंबर लागला. मी मार्कशीट पुढे केली. बाईंनी मायक्रोबायॉलॉजीवर बोट ठेवलं. आमच्याकडे शास्त्रविषय सात वर्षांच्या आतले लागतात, तुमचा त्याहून जुना आहे.

"लॅप्स," काका म्हणाले. पॉलिसीधारकाच्या घरी वाईट बातमी घेऊन गेल्यावरचा आवाज होता तो. मग बाईंना, "ग्रेस पिरियड?"

नाही.

"रिव्हायव्हल विथ लेट फी?"

पूर्ण कोर्स पुन्हा, लॅबसकट.

मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर फार बोलले असते. जंतू रंगवून ओळखायचं ग्रॅम स्टेनिंग १८८४ सालचं आहे. ते अजून चालतं, माझे मार्क चालत नाहीत. जुलाब लावणाऱ्या सी. डिफ या जंतूचे बीजाणू हाताच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, त्या खोलीतून आलं की साबणपाण्याने हात धुवायचे, हे आमच्या नर्सिंग होममध्ये नव्या आरएनना कोण सांगतं? जिची मायक्रोबायॉलॉजी कालबाह्य झाली ती. रात्रपाळीला औषधांची गाडी ढकलत तीस-पस्तीस म्हाताऱ्यांच्या खोल्या मी करते. वेगळं सर्टिफिकेट घेतलंय म्हणून मला शिरेत सुई घालून सलाइन सुरू करता येतं, पण त्याच सुईतून औषध सोडायची मला परवानगी नाही. त्यासाठी दुसऱ्या विंगमधून आरएन बोलवायची. ती येते, औषध सोडते, जाते. कधी कधी ती मला विचारते, कितीच्या वेगाने सोडू? मी सांगते. पगार तिचा.

माझी मावशी मिरजेकडच्या एका उपकेंद्रात एएनएम, म्हणजे तिकडची खालच्या पायरीची नर्स, होती. तिच्या मैत्रिणीने पुढे त्याच्या वरचं जीएनएम केलं, मग आणखी दोन वर्षं घालवून पोस्ट बेसिक बीएस्सी. मावशी राहिली ती राहिलीच, घरात माणसं आजारी, पोरं लहान. ती म्हणायची, "पेशंटच्या शिव्या दोघींना सारख्याच, खुर्ची तेवढी तिला." मला तेव्हा हसू यायचं.

परत येताना गाडीत फोन वाजला. एक प्रायव्हेट कॉलेज. मी एकदा कुठेतरी नंबर टाकून बसले, तेव्हापासून त्यांचा एक मुलगा फोन करतो. तो मायक्रोबायॉलॉजीबद्दल चकार शब्द काढत नाही, माझं स्वप्न काय आहे ते विचारतो. फीचा आकडा मात्र मी विचारल्याशिवाय येत नाही, आणि येतो तेव्हा मी चालवतेय त्या गाडीच्या किमतीहून मोठा असतो. कम्युनिटी कॉलेजात युनिटला ४६ डॉलर पडतात म्हणून तर सगळे त्या लॉटरीत उभे आहेत. फोन स्पीकरवर होता. काकांनी पोराचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, व्हॉट इज युवर मंथली टार्गेट?"

पलीकडे शांतता. मग तो हळूच म्हणाला, "सर, इट्स रफ."

पुढचे तीन एक्झिट त्या दोघांनी टार्गेट, मॅनेजर आणि महिनाअखेर यावर एकमेकांचं सांत्वन केलं. माझ्या स्वप्नाचा विषय कुणी काढला नाही. फोन ठेवताना काकांनी त्याला एलआयसीचं ब्रीदवाक्य "योगक्षेमं वहाम्यहम्" म्हटलं, आणि तो पोरगा म्हणाला, "यू टू, सर."

सोमवारी काउन्सेलरची स्वतंत्र भेट मिळवायला मी सकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता लॅपटॉप उघडला. या सत्राचे सगळे स्लॉट भरलेले. संध्याकाळी काका दारात, हातात मुलाचा फोन. त्यांना कॉलेजकडून आपणहून मेल आला होता. प्रिय भावी विद्यार्थी, तुमच्या जिद्दीने आम्ही भारावलो आहोत, पुढच्या गुरुवारी अकरा वाजता तुमच्यासाठी वेळ राखून ठेवली आहे.

"काका, ती वेळ मला द्या."

"अशी देता येत नाही. नावावर आहे." ते सोफ्यावर बसले आणि माझं टीजचं पुस्तक त्यांनी मांडीवर ओढलं. "आणि खरं सांगू का, रागावू नको. तुझी मायक्रोबायॉलॉजी लॅप्स आहे. मी ती कधी काढलेलीच नाही. कागदावर माझी केस तुझ्यापेक्षा स्वच्छ."

"तुमचा व्हिसा संपतोय काका. दिवाळीला तुम्ही सांगलीत असणार."

"मग मी काय खुळा हाय? फॉर्मात इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून एक रकाना होता," काका पान उलटत म्हणाले. "नॉमिनी म्हणून तुझंच नाव घातलंय."