सपाट रस्त्याची दमछाक

इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी ऊन पडलेलं असताना तुम्ही घरात बसून पोहे खाताय हे शेजाऱ्यांना कळलं, तर ते काळजीने चौकशी करतात. तब्येत बरी आहे ना? गावी सगळं ठीक? मग बाहेर का नाही? उन्हाचा काही भरवसा नसल्यामुळे ते वाया घालवणं इथे जवळजवळ गुन्ह्यात जमा होतं.

आमचं रेडिंग लंडनच्या पश्चिमेला, टेम्स आणि केनेट या दोन नद्यांच्या संगमावर. दोन नद्या म्हणजे काठाने भरपूर सपाट कुरणं. हिवाळ्यात त्यांच्यावर पुराचं पाणी चढतं, म्हणून तिथे इमारती उभ्या राहिल्या नाहीत. जिथे बिल्डरचं काही चालत नाही तिथे लोक फिरायला जातात. शेजारच्या आजींनी आमच्या दाराच्या फटीतून एक पत्रक सरकवलं होतं: सोपी फेरी, पूर्ण सपाट, दीड तास, ज्येष्ठांसाठी उत्तम.

ज्येष्ठ तेव्हा घरात हजर होते. माझे सासरे, नाना. साताऱ्याचे, निवृत्त इतिहास शिक्षक. पहाटे अजिंक्यतारा चढून आल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. ही म्हणाली, "नानांना जरा मोकळी हवा दाखवून आणा." नानांनी बूट घातले, माकडटोपी चढवली आणि विचारलं, "कुठं जायचंय?"

"कुठे असं नाही, नाना. गोल फिरून परत तिथेच."

"वर काय आहे?"

"वर नाहीच. सपाट आहे सगळं."

"बरं, मग शेवटी काय आहे?"

"शेवटी आपली गाडी."

"गाडी तर आत्ता पण इथंच आहे की, जावईबापू."

याला उत्तर नव्हतं, आणि आजतागायत मला ते सापडलेलं नाही. आपल्याकडे माणूस चालतो तो कशाला तरी भेटायला. वर मारुती असतो, नाहीतर दीपमाळ, निदान सिंहगडावरचं पिठलं आणि मडक्यातलं दही. इथली फेरी म्हणजे गाभारा रिकामा ठेवून घातलेली प्रदक्षिणा. पण हिने डोळे वटारले आणि आम्ही निघालो.

सुरुवात फोरबरी बागेतून. मधोमध लोखंडी सिंह आहे, नाकापासून शेपटीपर्यंत ३१ फूट. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांचा पराभव झाला, त्यात बर्कशायरच्या ६६व्या पलटणीचे बरेच लोक गेले, त्यांचं हे स्मारक. १८८६ साली ते उभं राहिलं. सिंहाची चाल शिल्पकाराने चुकीची दाखवली आणि हे लक्षात येताच त्याने जीव दिला, अशी गोष्ट गावात आजही सांगतात. प्रत्यक्षात तो गृहस्थ १९२९पर्यंत जगला. मी हे एका दमात सांगितलं आणि पुढे निघालो. मागे वळून पाहतो तर नाना चौथऱ्यापाशी, चष्मा कपाळावर, नावं वाचतायत. सगळी. एकेक.

"मैवंदला मुंबईचे ग्रेनेडियर्स होते. जेकबची रायफल पलटण होती. त्यांची नावं कुठायत?"

"नाना, हे इथल्या पलटणीचं स्मारक आहे."

"ते दिसतंय मला. मी विचारतोय, त्यांची कुठायत?"

या वेळी नानांचा मुद्दा बरोबर होता, म्हणून मी गप्प बसलो. पत्रकातल्या दीड तासापैकी अर्धा तास सिंहाने खाल्ला.

मग स्टेशन ओलांडून टेम्सच्या काठी. ही वाट मूळची घोड्यांची. नदीतल्या मालवाहू नावांना दोर बांधून घोडे काठाने ओढत चालत, म्हणून ती सपाट. नानांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे घोड्याला पण चढ नको होता." त्यानंतर त्यांनी जो वेग धरला तो अजिंक्यताऱ्याचा होता. खुर्चीत बसून पगार घेणाऱ्या माणसाला सपाटीवर धाप लागते हे त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मुलगी दिली तेव्हा हे कळलं नव्हतं, असा त्यांचा चेहरा होता.

सुदैवाने त्यांना थांबवणारी माणसं भेटत गेली. रेडिंगच्या बाजारपेठेत इंग्रज माणूस तुमच्या आरपार बघतो. तोच नदीकाठी भेटला की "मॉर्निंग!" म्हणतो. नियम असा, की आपणही "मॉर्निंग" म्हणायचं आणि न थांबता सटकायचं. नानांना हे असभ्य वाटलं. माणसाने नमस्कार केल्यावर पुढे जायचं? ते थांबत, हात जोडत आणि विचारत, "यू आर फ्रॉम विच व्हिलेज?" काही लोक घाबरले. पण काहींनी खरोखर गाव सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, एका बाईंनी सुनेचंही सांगितलं.

कुत्र्यांचं तसं नाही. ते मोकळे सुटलेले असतात आणि चिखलाच्या पायांनी थेट तुमच्या छातीवर येतात. मालक वीस पावलं मागून हसत ओरडतो, "काही करत नाही तो, हॅलो म्हणतोय!" नानांनी काठी उगारून मराठीत हॅलो म्हटलं. कुत्रा समजूतदार होता, बसला.

पुढे एक हंस घरट्यावर बसलेला आणि दुसरा वाट अडवून फुसफुसत उभा. इंग्लंडातल्या खुल्या पाण्यावरच्या, खूण न केलेल्या अशा हंसांवर राजाचा हक्क असतो, आणि जुलैत टेम्सवर त्यांची रीतसर मोजणी होते, हे मी सांगितलं. "मग राजाला म्हणावं, जनावर आवरा," नाना म्हणाले आणि गवतातून वळसा घातला. गवतात कॅनडा गीझ नावाच्या बदकांच्या थोराड भाऊबंदांनी जे करून ठेवलं होतं त्याचं वर्णन करत नाही. बूट दाराबाहेर ठेवावे लागले एवढंच. डोक्यावर लाल घारी फिरत होत्या. त्या इथून नामशेष झाल्या होत्या, म्हणून १९८९पासून काही वर्षं स्पेनहून आणून शेजारच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडल्या. नानांनी वर पाहिलं. "घारी विकत आणल्या? साताऱ्याला कळवायचं होतं."

आणि मग, किंग्ज मेडोच्या त्या अथांग हिरवळीवर, नाना अचानक गंभीर झाले. "जावईबापू, इथं सोय कुठं आहे?"

इंग्लंडमध्ये हिरवळीला तोटा नाही, झुडपांना नाही, बाकांना तर नाहीच. दर बाकावर पितळी पट्टी, कुणा दिवंगताला हे दृश्य किती प्रिय होतं ते सांगणारी. पण त्या दिवंगताने अशा वेळी काय केलं, हे कुठल्याच पट्टीवर नाही. सोपी, सपाट, ज्येष्ठांसाठी उत्तम असं छापणाऱ्याचं वय पंचविशीच्या आत असावं. नाना झुडपाकडे बघत होते, झुडपापलीकडे एक कुटुंब चादर पसरून सँडविच खात होतं. मी नकाशा उघडला. जवळच एक मोठं सुपरमार्केट होतं.

तिथे आम्ही ज्या वेगाने पोचलो त्यात माझी धापही मागे राहिली. पाच मिनिटांनी नाना बाहेर आले ते वेगळेच. शांत, प्रसन्न. मग म्हणाले, "नुसतं वापरून जायचं बरं दिसत नाही," आणि दोन पाकिटं कोथिंबीर घेतली.

परतीची वाट केनेटच्या काठाने. आधी ब्लेक्स लॉक, म्हणजे नावा वर-खाली नेण्यासाठीचे नदीतले दरवाजे, पुढे ११२१ साली पहिल्या हेन्री राजाने बांधलेल्या मठाचे भग्न दगडी खांब. राजा तिथेच कुठेतरी पुरलेला आहे, नेमका कुठे ते अजून सापडलेलं नाही. मला वाटलं इतिहासाचे शिक्षक इथे तासभर थांबतील. पण नाना पिशवी हलवत तरातरा पुढे. हातात सामान असलेला माणूस रेंगाळत नाही. त्याला घरी जायचं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आलो तर ओट्यावर कोथिंबीर. तिसऱ्या दिवशीही. नाना एकटेच सगळी फेरी मारून येतात. वाटेतल्या कुत्र्यांची नावं त्यांना पाठ झाली आहेत आणि सून-प्रकरणातल्या बाई रोज पुढचा भाग सांगतात. आम्ही वड्या खाल्ल्या, चटणी खाल्ली, शेजारच्या आजींनाही वड्या पोचवल्या. त्या खूश होऊन नवीन पत्रक देऊन गेल्या: टेम्सकाठाने सॉनिंग गावापर्यंत, अर्थात सपाट. ही म्हणाली, रविवारी जाऊन या दोघं.

नानांनी पत्रक उलटसुलट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "तिथं काय मिळतं?"

मी तेव्हापासून नकाशा बघतोय. तिथे विटांचा जुना, देखणा पूल आहे. पण पुलाच्या वड्या होत नाहीत.