खोबरेल, केळ्याची साल आणि गाठ मारलेली पिशवी: लेदरच्या बुटांचा तो मेसेज कोकणात का चालत नाही

मिरग जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. लेदर शूज पावसाळ्यात नव्यासारखे ठेवायचे पाच उपाय, खाली केळ्याच्या सालीचा फोटो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: पॉलिशमधलं केमिकल चामडं जाळतं म्हणून पॉलिश बंद करून खोबरेल लावा, केळ्याच्या सालीने चकाकी आणा, भिजले की कडक उन्हात नाहीतर चुलीशेजारी ठेवा, बुरशी आली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, आणि वापरायचे नसतील तर डांबरगोळी टाकून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, चार महिने बघायला नको. देशावरच्या कोरड्या हवेत यातलं काही खपून जाईलही, पण रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला हे पाचही उपाय बुटाच्या मुळावर येतात. लोक लग्नासाठी म्हणून एकदाच चांगले बूट घेतात, चार-पाच हजार मोजतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात घालवतात, ते बघवत नाही म्हणून एवढं लिहितोय.

आधी खोबरेल, कारण हाच उपाय सगळ्यात जास्त केला जातो. तेल घरात असतंच, आणि लावल्या लावल्या बूट काळाभोर, मऊ दिसतो त्यामुळे वाटतं लागू पडलं. पण खोबरेल सुकत नाही. जवसाचं तेल हवेत सुकून पापुद्रा धरतं, खोबरेल तसं करत नाही, ते २४-२५ अंशांच्या वर पातळच असतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरातला पारा त्याच्या खाली फारसा जात नाही, म्हणजे ते तेल चामड्यात पातळ राहून सरकत राहतं, शिलाईच्या भोकांत आणि सोलच्या कडेच्या खोबणीत साचतं, अस्तरातून मोज्याला लागतं, आणि बूट तपकिरी असेल तर जे काळे डाग पडतात ते काही केल्या जात नाहीत. वरून पॉलिश लावायला गेलं तर मेण धरत नाही, ब्रश नुसता घसरतो. आणि बुरशीला तेल, घाम, धूळ हेच तर खायला लागतं! तेल लावून ठेवलेला बूट गणपतीत बाहेर काढून खिडकीशी तिरका धरून बघा, पांढरे ठिपके आधी शिलाईच्या ओळीवर दिसतात, एकेका टाक्याभोवती गोल, तेल साचलं होतं बरोब्बर तिथे.

यावर कोणीतरी म्हणतंच, आजोबा कोल्हापुरीला तेलच लावायचे. लावायचे, आणि बरोबरच करायचे. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, जाड असतं, त्यावर फिनिशचा थर नसतो, नवी चप्पल चावते म्हणून पट्ट्याला तेलाचा हात फिरवला की ती नरम पडते, शिवाय चप्पल उघडी असल्याने तिला चारी बाजूंनी वारा लागतो. ऑफिसला घालतो तो बूट बहुतेक वेळा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या चामड्याचा, त्यात लागेल तेवढं तेल कारखान्यातच मुरवलेलं असतं, वर रंग आणि फिनिश, आत अस्तर, बोटांपुढे आणि टाचेला कडक अस्तराचे तुकडे. चपलेचा उपाय बुटाला लावला, घोळ तिथे झालाय.

आता ते पॉलिश चामडं जाळतं वगैरे. डबीतलं पॉलिश म्हणजे मेण, रंग आणि मेण मऊ ठेवणारं सॉल्व्हंट. वास येतो तो सॉल्व्हंटचा, तो थोड्या वेळात उडून जातो आणि मागे मेण राहतं. त्यातलं कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ८२ ते ८६ अंशांना वितळतं, मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ ला, म्हणून मे महिन्याच्या दुपारी एसटी स्टँडवर उभं राहिलं तरी बुटावरचं पॉलिश वाहत नाही. नुकसान होतं ते थरावर थर थापल्याने. लेस काढा, ब्रशने धूळ झाडा, सोलच्या कडेची पण, जेमतेम ओलसर फडक्याने पुसा, सुकू द्या, मग शू क्रीम अगदी वाटाण्याएवढं घेऊन चोळा, दहा मिनिटं थांबा आणि मग ब्रश मारा, इथे हात राखायचा नाही. डबीतलं मेण फक्त टोकाला आणि टाचेला, जिथे चामडं वाकत नाही. जुन्या बनियनचा तुकडा बोटाला घट्ट गुंडाळून मेणाचा नुसता स्पर्श, त्यावर पाण्याचा एक थेंब, आणि छोटे छोटे गोल फिरवत राहायचं, आधी सगळं धुरकट होतं, तिथे लोक कंटाळून सोडतात, पण तसंच फिरवत राहिलं की एका क्षणी खालून चकाकी वर येते आणि खिडकीचे गज त्यात दिसायला लागतात. चवड्यापाशी जिथे बूट दुमडतो तिथे हे करू नका, मेण तडकून पांढऱ्या रेघा येतात. स्पंजवालं लिक्विड घाईच्या दिवशी ठीक, रोज नको, त्याचा पापुद्रा साचत जातो आणि दुमडीवर तुटतो. स्वेडला, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याला, यातलं काहीच लावायचं नाही, फक्त कोरडा ब्रश.

केळ्याच्या सालीबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही. पोटॅशियमने चकाकी येते म्हणे. चकाकी मेणाने येते, सालीतून बुटावर राहते ती साखर आणि ओल. सकाळी मुंग्या, आठवड्याने बुरशी.

ऊन आणि चूल मात्र गंभीर प्रकरण आहे. ओलं चामडं जोरात तापलं की आतले तंतू आकसतात, कडक होतात, आणि एकदा आकसलेलं चामडं परत ताणत नाही, वरून कितीही क्रीम चोळा, टोक वर वळलेलंच राहतं आणि दुमडीवर भेगा पडतात. भिजलेला बूट लेस सोडून, जीभ पुढे ओढून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून आडवा ठेवा म्हणजे सोललाही हवा लागते, पंखा चालू ठेवा, बोळे पहिल्या तासा-दोन तासांनी बदला, नंतर सकाळ-संध्याकाळ. दोन दिवस लागले तर लागू द्या. समुद्राचं पाणी लागलं असेल, जेटीवर किंवा किनाऱ्यावर, तर सुकल्यावर मिठाची पांढरी रेघ उमटते, त्याला व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने पुसायचं आणि मग साध्या ओलसर फडक्याने.

सोडा तर बुटाच्या आसपासही नको. चामडं मुळात आम्लधर्मी असतं आणि सोडा बरोबर उलटा, त्याने रंग फिका पडतो आणि चामडं हळूहळू कडक होतं. बुरशी आली तर बूट अंगणात न्या, घरात झाडू नका कारण ते बीजाणू उडून शेजारच्या जोडावर बसतात, तोंडाला रुमाल बांधा, कोरड्या ब्रशने झाडा, मग सर्जिकल स्पिरिटमध्ये तेवढंच पाणी घालून फडक्याने पुसा (आधी जिभेच्या आतल्या बाजूला लावून बघा, रंग जातो का ते), सावलीत वारा लागू द्या, आणि तो ब्रश धुतल्याशिवाय पॉलिशला वापरू नका.

राहिली पिशवी. साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की बुरशी धरते आणि जुलैत रत्नागिरीची हवा ८५ च्या वर असते. हाताला कोरडं लागणारं चामडंही त्या हवेतली ओल पिऊन बसलेलं असतं, ते पिशवीत घालून गाठ मारली की ती ओल आतच कोंडली. डांबरगोळी किड्यांसाठी असते, बुरशीसाठी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि वास महिनोन् महिने जात नाही. सुती पिशवी वापरा, बूट जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका. आमच्याकडे जुन्या घरांत कपाटात बारीक पिवळा बल्ब लावायचे ते अगदी शहाणपणाचं होतं, आतली हवा तीन-चार अंशांनी तापली की ९० टक्के आर्द्रता ७५ च्या आसपास उतरते. एलईडी लावून तो उपयोग नाही, त्याला पुरेशी ऊब नसते, आणि बल्ब कपड्यांपासून लांब ठेवा, आग लागायची भीती असते. सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात उपयोगी पडतात, उघड्या कपाटात त्या थोड्याच वेळात भरून जातात.

आणि "चार महिने बघायला नको" हे तर सगळ्यात वाईट. आजकालच्या बऱ्याच बुटांना पॉलियुरेथेनचा सोल असतो आणि दमट हवेत त्याच्या रेणूंची साखळी हवेतल्या पाण्यानेच तुटत जाते, बूट घाला किंवा न घाला. माझ्या आतेभावाने लग्नातले बूट खोक्यात जपून ठेवले होते, काही वर्षांनी बहिणीच्या साखरपुड्याला काढले, वरचं चामडं चकचकीत, आणि हॉलच्या पायऱ्या चढेपर्यंत सोल ओल्या बिस्किटासारखा गळायला लागला, मागे काळ्या तुकड्यांची रांग. तो हॉलभर मोज्यांवर फिरला. असा सोल कायमचा टिकवता येत नाही, पण कोंडून ठेवला तर लवकर जातो, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा कोरडा दिवस बघून बूट घाला, तासभर चाला. नवीन घेताना दुकानदाराला सोल कशाचा ते विचारा, रबर किंवा चामड्याचा शिवलेला असेल तर दुरुस्तीवाले काका तो बदलूनही देतात. आणि शिमगा-मे महिना करून घर बंद करून मुंबईला निघणार असाल तर चांगला जोड कपाटात ठेवून जाऊ नका, बॅगेत टाका.