गोणपाटाची उलटी बाजू

हुकूमशाहीतल्या कलावंतांचं धाडस म्हटलं की बहुतेकांना व्हिक्तोर हारा आठवतो. साहजिकच आहे. ११ सप्टेंबर १९७३ ला दक्षिण अमेरिकेतल्या चिलेत लष्करानं सत्ता बळकावली, दुसऱ्याच दिवशी या गायकाला पकडलं आणि काही दिवसांत राजधानी सांतियागोच्या स्टेडियममध्ये हालहाल करून गोळ्या घातल्या. त्या स्टेडियमला आज त्याचंच नाव आहे. पण लष्करप्रमुख जनरल पिनोचेची राजवट त्यानंतर १९९० पर्यंत चालली. इतकी वर्षं धाडस पुरवून पुरवून कसं वापरायचं, हे ज्यांना साधलं त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. कारण गोणपाटावर शिवलेल्या आपल्या चित्रांवर त्या बायकांनी सही केलीच नाही.

आर्पियेरा म्हणजे गोणपाट, तरट. पुढे गोणपाटावर चिंध्या शिवून केलेल्या चित्रालाही तेच नाव पडलं. कल्पना अगदीच नवी नव्हती. लोकगायिका व्हिओलेता पार्रा हिच्या अशा भरतकामाचं प्रदर्शन १९६४ सालीच पॅरिसला लुव्रच्या इमारतीत झालं होतं. लष्करी राजवटीत मात्र हे काम वेगळ्या हातांत गेलं. कुणाचा नवरा उचलून नेलेला, कुणाचा मुलगा. पोलीस म्हणणार, असा कुणी आमच्याकडे नाही. न्यायालयात अर्ज केला तर तो फेटाळला जाणार. घरातला कमावता माणूस नाही, आणि जिवंत की मेलेला याचाही पत्ता नाही. अशा बायकांना चर्चच्या आधारानं सांतियागोत एकत्र बसायला जागा मिळाली. अशी मदत करणारी पहिली समिती पिनोचेनं १९७५ च्या अखेरीस बंद करायला लावली, तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांनी जानेवारी १९७६ मध्ये ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही नवी संस्था काढली. ती थेट आर्चबिशपच्या अखत्यारीत ठेवली, म्हणजे हात लावायचा तर लष्कराला कॅथलिक चर्चशीच उघड वैर घ्यावं लागणार. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात कोण जाणे, पण डोकं जबरदस्त.

आता प्रत्यक्ष काम. पिठाचं रिकामं पोतं धुवायचं, उसवून सपाट करायचं आणि त्याचे तुकडे करायचे. एका पोत्यात अनेकींचं भागायचं. एक तुकडा म्हणजे एक चित्र, मांडीवर घेऊन शिवता येईल एवढंच. गोणपाटाची वीण विरळ. कापला की कडेचे धागे सुटायला लागतात, त्यामुळे कड आधी दुमडून पक्की करावी लागते. नाहीतर चित्र होईपर्यंत चारही बाजूंनी बोटभर गेलेलं असतं. मग मागून पुढे यायचं: आधी आकाश आणि आन्देसचे डोंगर, मग घरं, मग रस्ता, आणि सगळ्यांत शेवटी माणसं. हा क्रम उलटा केला तर बाहुल्यांच्या डोक्यावरून डोंगर शिवायची वेळ येते. चिंधीची कड आत मुडपून टाके घालायचे, दोरा ओढायचा नाही. ओढला की खालचं तरट चुण्या घेतं आणि चित्र वाकडं होतं. आपल्याकडे जिनं गोधडीला धावदोरा घातला आहे तिला हे सांगावं लागणार नाही.

माणसं मात्र गोधडीत नसतात, इथे असतात, आणि तीही उठावाची. कापडाची इवलीशी बाहुली, आत थोडं भरण, चेहऱ्याला दोन-तीन टाके. केस लोकरीचे, कधी शिवणारीचे स्वतःचे. भरण जास्त झालं तर चित्राची घडी नीट बसत नाही, आणि या चित्रांना घडीत राहणं भाग होतं, कारण त्यांना देशाबाहेर जायचं होतं. कापड दान आलेलं, किंवा घरातलं जुनं. काहींनी नाहीशा झालेल्या माणसाचा सदरा कापला. चौकड्यांच्या शर्टाच्या चिंधीतून नवऱ्याची बाहुली करायची आणि ती तुरुंगाच्या दारात शिवायची, हे कुठल्याही कलाशाळेत शिकवता येणार नाही. सगळं झालं की कडेनं लोकरीची किनार.

आणि मग पाठ. बऱ्याच आर्पियेरांच्या मागे कापडाचा एक छोटा खिसा शिवलेला असे. आत चिठ्ठी: या चित्रात काय चाललं आहे ते दोन ओळींत. समोरून पाहणाऱ्याला डोंगर, सूर्य, रंगीत घरं, रांगेत उभ्या बायका. चिठ्ठी वाचली की कळतं, ही रांग सामुदायिक चुलीवरच्या जेवणाची आहे, ही गाडी माणसं उचलून नेणारी आहे, आणि या बायकांनी स्वतःला साखळदंडानं बांधून घेतलेलं कुंपण बंद पडलेल्या संसदेचं आहे. ते खरंच घडलं होतं, एप्रिल १९७९ मध्ये. १९७८ च्या अखेरीस लोंकेन गावातल्या चुन्याच्या जुन्या भट्ट्यांत बेपत्ता माणसांची १५ प्रेतं सापडली, पुढे त्या भट्ट्याही गोणपाटावर आल्या.

हे लष्कराच्या नजरेतून सुटलं कसं? मला वाटतं, बायकांच्या शिवणाला कुणी कला समजत नाही, या तुच्छतेचाच त्यांना उपयोग झाला. खुद्द पिनोचेची बायको ज्या संस्थेची प्रमुख होती, तीही मातांची केंद्रं चालवून गरीब बायकांना हातकाम शिकवत होती. मग बाईच्या पिशवीत सुई-दोरा आणि चिंध्या सापडल्या तर संशय कशाचा घ्यायचा? कवितेचा कागद सापडला तर तो कवितेचाच असतो. अर्धवट आर्पियेरा मात्र डोंगर आणि दोन घरांपर्यंतच आलेली असते, आरोप करावा असं त्यात काहीच नसतं. माणसं शेवटी शिवायची, ही नुसती शिवणातली सोय नव्हती, असं मला तरी वाटतं. पूर्ण झालेल्या कामाचा धोका मात्र खरा होता. म्हणून ते कपड्यांत लपवून न्यायचं, व्हिकारियाकडे द्यायचं. तिथून परदेशी, निर्वासित चिलेवासीयांच्या ओळखीपाळखीतून विक्री, आणि पैसे परत त्याच बाईच्या हातात.

पैशांचा भाग लोक अडखळत सांगतात, जणू मजुरी घेतली की निषेध बाटला. मला हे अजिबात पटत नाही. त्या पैशांवर चूल पेटत होती. चूल पेटत होती म्हणून बाई पुढच्या आठवड्यात परत गटात येत होती. पोटाला चिमटा काढून केलेला निषेध दोन महिने टिकतो, फार तर सहा. आणखी एक. गटात बसून शिवलं की बोलणं व्हायचं. माझ्याही नवऱ्याला त्याच गाडीनं नेलं, त्याच आठवड्यात. एकट्या घरातली शंका अशी चौघींच्या टाक्यांतून माहिती होत गेली.

तोटेही झाले. गिऱ्हाईक परदेशी म्हटल्यावर त्याच्या आवडीचा दाब आलाच. लोकशाही आल्यावर मागणी बदलली, आणि आज पर्यटकांसाठी विकली जाणारी बरीचशी आर्पियेरा म्हणजे शेत, गुरं आणि हसरा सूर्य. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी स्वतः एक डोंगर शिवून दाखवावा. मला जास्त खटकतं ते जुन्या चित्रांना काच लावून भिंतीवर टांगणं. चित्र दिसतं, खिसा भिंतीकडे जातो.

यातलंच एक दृश्य मला फार अवघड वाटतं. क्वेका हा चिलेचा नाच, रुमाल हातात घेऊन बाई आणि पुरुषानं जोडीनं नाचायचा. ८ मार्च १९७८ ला सांतियागोच्या काउपोलिकान नाट्यगृहात बेपत्ता माणसांच्या घरच्या बायकांनी तो एकटीनं नाचून दाखवला, नेलेल्या माणसाचा फोटो छातीवर लावून. पुढच्याच वर्षी सरकारनं क्वेका राष्ट्रीय नृत्य म्हणून जाहीर केला, म्हणजे त्यावर बंदीही घालता येईना. हा नाच गोणपाटावर शिवताना मागे बसलेल्या बायका शिवायच्या, गिटार शिवायची, नाचणारीच्या हातात पांढरा रुमाल द्यायचा. तिच्या समोर एका बाहुलीएवढी जागा मोजून मोकळी सोडायची आणि तिथे टाका घालायचा नाही.